साडेतीन गाड्यांची चिठ्ठी

नववीत शाळा सोडून कोकणातून जळगावला आलो. केळी मला ठाऊक होती; ट्रक भरभरून केळी ठाऊक नव्हती. केळी पाठवणाऱ्या पेढीच्या मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांनी दाखला न मागता मला ऑफिसात बसवलं. ते आठवलं की अजून बसल्या जागी पाठ सरळ होते.

तिथला प्रोग्राम माझ्याआधी काम करणाऱ्या अक्कांनी लिहिलेला. लग्नानंतर त्या धुळ्याला गेल्या. किती खोकी निघाली ते भरायचं, किती गाड्या मागवायच्या ते चिठ्ठीवर छापून यायचं. पण जुना कॉम्प्युटर फक्त माझ्याच हातून सुरू व्हायचा, तोही लाडीगोडी लावल्यावर. त्यामुळे शिमग्याला घरी जाणं दरवेळी हुकायचं. गावी आमच्या अंगणात पालखी नाचतेय, आणि मी इथे पंखा लावून मशीन गार करतोय!

शेवटी नवा कॉम्प्युटर आला. "याच्यावर चालू कर, अन् जा शिमग्याला," नाना म्हणाले.

अडचण अशी की प्रोग्राम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीतला आणि नव्या मशीनवर फक्त नवी आवृत्ती. पण जुनं लिहिलेलं आपोआप नव्यात बदलून देणारं एक टूल मिळालं. चालवलं. चहा निवायच्या आत सगळ्या फायली बदलल्या, नव्या आवृत्तीला लागतात तिथे नीट कंस घातलेले. एकही चूक दाखवेना. मी लगेच बसचं तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याकडचा एक ड्रायव्हर चिठ्ठी नाचवत आला.

"भाऊ, हाई काय शे? साडेतीन गाड्या? आर्धी गाडी कोठे भेटस?"

"पुढली आर्धी ली ये," एक हमाल ओरडला, "हॉर्न तरी वाजी!"

सगळे हसले. मी चिठ्ठी घेऊन आत पळालो. अक्कांना फोन लावला.

"अरे, जुनी आवृत्ती भागाकारातला अपूर्णांक टाकून द्यायची," त्या म्हणाल्या. "म्हणून खोकी मागे राहू नयेत एवढी भर घालून मी भागत होते. नवी आवृत्ती अपूर्णांक ठेवते."

"मग टूलने ते का नाही बदललं?"

"त्याला लिहिणं बदलता येतं. केळी कुठे ठाऊक त्याला? भागाकाराच्या एका तिरप्या रेघेच्या जागी दोन घाल, की अपूर्णांक गेला. पण सरसकट नको हं, घडाच्या सरासरी वजनाला तो लागतो."

म्हणजे एकेक भागाकार बघणं आलं. बघितले, तरी धीर होईना. तोडगा नानांनीच काढला: दोन्ही मशीन शेजारी-शेजारी चालवायच्या आणि चिठ्ठ्या जुळवायच्या. हमालांनी त्यावर चहाच्या पैजा लावल्या. पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी जुळली नाही. माझ्या नजरेतून सुटलेला भागाकार सापडला. मग रोजच जुळायला लागल्या, पैजेत मजा उरली नाही, आणि नानांनी जुन्या मशीनची वायर स्वतः काढली.

"तिकडून सारखा फोन करू नको," ते म्हणाले.

बस धुळ्याला थांबली तेव्हा अक्का स्टँडवर डबा घेऊन उभ्या होत्या. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत.

"सगळे भागाकार बघितलेस ना?"

मी एकेक सांगायला लागलो, तोवर कंडक्टरने घंटी मारली. अक्कांनी हसत खिडकीतून डबा आत सरकवला. "गरम आहे तोवर खा."

पुढे बराच वेळ पेढीवर फोन करावासा वाटत होता, फार वाटत होता. पण हात भरताने माखलेले होते.