शीर बारीक नव्हती

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. आजारावर लिहिण्याइतकी समज मला नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण एका आजींशी मी खोटं बोललो, ते कुठंतरी सांगायला हवं.

लातूरला डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करताना मी सकाळी एका लॅबमध्ये कलेक्शनला असायचो. कलेक्शन म्हणजे पेशंटचं रक्त काढणं. उपाशीपोटी टेस्टवाले साडेसहापासून येतात. नेमकी तेव्हाच माझी बोटं वळत नसत. तास-दीड तास आखडलेली. अंगात कसकस. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. जळकोटहून वडील फोनवर म्हणायचे, "मोबाईल कमी कर."

मग एका दुपारी, बोटं सुटल्यावर, मी गुपचूप स्वतःची आरए टेस्ट केली. संधिवाताची ही साधी चाचणी. निगेटिव्ह आली. मी ठरवलं, आजार नाही, आपणच आळशी आहोत. पुढचे पाच महिने बाथरूममध्ये गरम पाण्यात बोटं बुडवायची आणि मग कामाला लागायचं.

एक दिवस औशाच्या आजी पहिल्या बसनं आल्या. दोनदा टोचलं, रक्त आलं नाही. तिसऱ्यांदा सुई हलली आणि कातडीखाली निळं पडलं.

"लेकरा, टोचायलास का गोधडी शिवायलास?"

रांगेतले लोक हसले.

"आजी, तुमची शीरच लई बारीक हाय."

"आसंल बाबा. म्हातारं हाड." त्यांनी दुसरा हात पुढं केला, जणू चूक त्यांचीच होती.

त्यांची शीर दोरीसारखी ठसठशीत होती. लॅबच्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, एकदाच टोचून रक्त काढलं. मग मला आत बोलावलं.

"मूठ वळ."

वळली नाही.

"कधीपासून?"

"आठ महिने झाले, सर. पण आरए निगेटिव्ह आहे. मीच केली."

"वा! टेस्टही तुझी, निदानही तुझं. आरए निगेटिव्ह येऊनही संधिवात असतो, हे वर्गात झोपून ऐकलंस का?"

सरांनीच माझं रक्त घेतलं आणि अँटी-सीसीपी टेस्ट लिहिली. काही आजारांत शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उठते. तिची खूण ही टेस्ट शोधते. सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं. तोवर माझी सुई बंद, पेशंटची नावं लिहायचं काम. आजी रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. त्या गेल्यावरच बाहेर आलो.

सहाव्या दिवशी सर म्हणाले, "सीसीपी बराच जास्त आहे. नांदेडला सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा." मला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. टेस्ट करणाऱ्यानं निदान करू नये, स्वतःचं तर नाहीच, एवढं त्या दिवशी कळलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. संधिवातच. औषधानं आटोक्यात राहील. पण उजव्या हाताचे दोन सांधे झिजलेत, म्हणाले, ते आता भरून येणार नाहीत. पाच महिन्यांपूर्वी आला असतात तर बहुधा वाचले असते.