अर्धं आटवलेलं पाणी

मी निपाणीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. "पाणी शुद्ध कसं कराल?" या प्रश्नाला "उकळून" असं लिहिणाऱ्याला मी डोळे झाकून पूर्ण गुण दिले. त्यामुळे पाच महिन्यांच्या नातीला सांभाळायला मुलाच्या बेळ्ळंदूरच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरी आले, तेव्हा पाण्याच्या बाबतीत कोणी मला शहाणपण शिकवावं हे माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं.

शिकवणारी घरातच होती. सून पुण्याची, व्हाइटफील्डच्या एका छोट्या कंपनीत विजेनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बनवते. बाळंतपणाच्या रजेतही तिला चैन नव्हती. कपडे वाळत घालायच्या गॅलरीत तिनं काचेचं भांडं मांडलं होतं, आत धातूच्या दोन पट्ट्या आणि वर वायरींचं जंजाळ. आमच्या इमारतीच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट फार. सांडपाणी मुरून ते खाली उतरतं. त्याला ना वास ना रंग, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू नीट वाहू देत नाही. वीज सोडली की नायट्रेट मोडतं आणि त्याचा साधा नायट्रोजन होऊन हवेत जातो, असं तिचं म्हणणं.

"मग स्वयंपाकघरातला फिल्टर काय करायलाय?"

"तो नायट्रेट वेगळं काढतो आई, मोडत नाही. मोरीत सोडतो. ते परत जमिनीतच जाणार ना?"

मला फिल्टरचं पाणी बेचव लागायचं आणि तिच्या वायरींची धास्ती वाटायची. म्हणून मी गुपचूप माझा मार्ग धरला. नळाचं पाणी पातेल्यात घ्यायचं, चिमूटभर वावडिंग टाकायचं आणि अर्धं होईपर्यंत आटवायचं. आमच्याकडे बाळांना असंच देतात. रोज दोन चमचे नातीच्या पोटात जात होते. सोमवारी सून कामावर रुजू झाली की पावडरचं दूध सुरू होणार होतं, आणि ते याच पाण्यात कालवायचं मी मनाशी पक्कं केलं होतं.

शनिवारी सून तपासणीच्या कागदी पट्ट्या घेऊन बसली. पट्टी पाण्यात बुडवून मिनिटभर थांबायचं. जितकी गुलाबी, तितकं नायट्रेट जास्त. नळाच्या पाण्यात पट्टी गुलाबी झाली, यंत्राच्या पाण्यात जवळजवळ पांढरी राहिली. मला राहवेना. मी माझं पातेलं आणून तिच्यापुढे आदळलं.

"आता हे बघ. तुझ्या विजेपेक्षा माझा गॅस बरा."

पट्टी तिन्हींत सगळ्यात गडद झाली.

पाणी आटतं, त्यात विरघळलेलं मागे उरतं. दरवर्षी सातवीच्या वर्गात मिठाचं पाणी आटवून मीच हे दाखवत आले होते. वाटीच्या बुडाशी उरलेलं मीठ पोरांना चाखायलाही द्यायचे.

"किती दिवस देताय?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं.

तशाच आम्ही डॉक्टरांकडे धावलो. नात त्यांच्या चष्म्याची दांडी ओढत होती. तपासून ते म्हणाले, बाळ ठीक आहे, पण ते पाणी आजपासून बंद. मी रिक्षात बसल्यावर रडले.

घरी आल्यावर नाक मुठीत धरून म्हटलं, "आता तुझ्याच यंत्राचं पाणी देऊ."

तिनं दुसऱ्या प्रकारची पट्टी काढून आपल्या पाण्यात बुडवली. ती हिरवी झाली.

"नायट्रेट गेलं, पण थोडा अमोनिया झालाय. बाळाला फिल्टरचंच." आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, नापास.

एवढी वर्षं मी दुसऱ्यांना नापास करत आले. स्वतःचं उत्तर तपासायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

सोमवारी फिल्टरचं पाणी थोडंसं उकळून गार केलं आणि त्यात पट्टी बुडवली. नातीनं भुकेनं घर डोक्यावर घेतलं होतं. शेजारच्या अक्का धावत आल्या. "अय्यो, बाळाला दूध का देत नाही?"

"स्वल्प थांबा अक्का," मी घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "आजीचा पेपर तपासायचा आहे."