शब्बाथ आणि कूलरचं बटन

अमरावतीत ज्यू घरं किती, असं कुणी विचारलं की मला डोकं खाजवावं लागत नाही. एक. आमचं.

त्यामुळे ठाण्याच्या ज्यू युवक मंडळाची उन्हाळी सहल चिखलदऱ्याला निघाली आणि शुक्रवारचा शब्बाथ आमच्याकडे ठरला, तेव्हा माझी छाती शर्टात मावेना! आमची रिव्का शिकायला ठाण्यात, म्हणून याच मंडळात. तिकडची पोरं तिला 'वाघांची शेजारीण' म्हणून चिडवायची.

"बाबा, माझी इज्जत तुमच्या हातात हाय," तिने बजावलं. "हा एक शब्बाथ नीट होऊ द्या."

(इज्जत खरंच हातात होती. उजव्या. ते पुढे येईलच.)

शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कामाला सुट्टी. चूल पेटवायची नाही, बटन दाबायचं नाही. दिवे, पंखे, कूलर आधीच चालू करून ठेवायचे आणि मग त्यांना हात लावायचा नाही. रिव्का चिकटपट्टी घेऊन आली.

"बटनांवर लावते."

"मले चिकटपट्टी? अवं, तुह्या जन्माच्या आधीपासून शब्बाथ पाळून राहिलो मी!"

पोरं आली. दोराने कडे उतरून, गुडघे सोलून, मे महिन्याच्या उन्हात भाजून. आली ती थेट हॉलमधल्या कूलरसमोर पसरली. माझ्या बायकोने, दीनाने, वेळेत मेणबत्त्या लावल्या. किसमिसाच्या सरबतावर आशीर्वाद म्हणून झाला. नारळाच्या दुधातल्या पुलावाचा वास सुटला होता. तो आणायला मी ऐटीत स्वयंपाकघराकडे निघालो आणि दारातून बाहेर पडता पडता...

खट्! खट्! खट्!

खोलीतून निघालं की दिवा, पंखा, कूलर बंद करायचा, ही आमच्या वडिलांनी लावलेली सवय. आत पंगत बसली आहे, हे हाताला कुठे माहीत? मागे वळून पाहिलं तर मेणबत्त्यांच्या उजेडात सगळी पोरं माझ्याकडे टकामका बघत होती.

"बाबा!!"

मंडळाचा प्रमुख एझरा, शांत मुलगा. तो म्हणाला, "काका, आता आपल्याला चालू करता येणार नाही. शेजाऱ्यांनाही 'बटन दाबा' असं थेट सांगायचं नसतं. त्यांना आपणहून सुचलं तर गोष्ट वेगळी."

म्हणजे आडून बोलायचं. तेही वऱ्हाडात! मी शेजारच्या वानखडेकाकूंना हाक मारली.

"काकू, आमच्याइथं लय गरम होऊन राहिलं."

"मे महिना हाय भाऊ. गरम नाई होईन त काय बर्फ पडन?"

"अंधारबी हाय."

"मंग लाईट लावा ना!"

"मले नाई लावता येत."

"काहून? करंट मारते का?"

"नाई... कोनी लावला असता त बरं झालं असतं."

"सरळ बोला बरं भाऊ! वहिनीसंगं भांडन झालं का?"

काकू तावातावाने आत आल्या. घामाघूम पोरं बघितली आणि स्वतःच्या मनाने खटाखट सगळी बटनं दाबली. टाळ्यांचा कडकडाट! काकू खूश. "जेवा रे पोट्टेहो," म्हणाल्या आणि दारातून बाहेर पडता पडता...

खट्! खट्! खट्!

(वडील काय मला एकट्यालाच होते!)

"अगं माय!" काकू अंधारातून ओरडल्या. मला तर रिव्काकडे बघायची हिंमत होईना. गेली पोरीची इज्जत!

काकू पुन्हा बटनांकडे वळणार, तेवढ्यात रिव्काच खो खो हसत उठली. "राहू द्या काकू! चला रे, गच्चीवर! कडे उतरता, मंग जिना चढाले काय झालं?"

काकू आमच्या आधी वर पोचल्या. तापलेल्या फरशीवर बादल्या ओतल्या, सतरंज्या अंथरल्या आणि शेजारच्या स्वतःच्या गच्चीवरचा दिवाही लावून आल्या. पुलावाचं पातेलं वर आलं. पोरं हिब्रू गाणी म्हणायला लागली, तर काकू भिंतीला टेकून टाळ्यांचा ठेका धरून! मधोमध बसलेली रिव्का हात लांब करून सांगत होती, "ते तिकडं मेळघाट. आमचं." आणि ठाण्याची पोरं चक्क हेव्याने ऐकत होती. पोरीचा एवढा अभिमान मला तिच्या दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

शनिवारी चांदण्या दिसल्यावर पोरं निघाली. एझराने विचारलं, "सहलीतला सगळ्यात थरारक प्रकार कोणता?"

"काकांचं बटन!" सगळे एका सुरात ओरडले.

रिव्काने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्या अभिमानाने जाहीर केलं, "अमरावतीत शब्बाथ पाळणारं घर एकच. आन् मोडणाराबी एकच!"