डोंगराला पाणी पाजणारा माणूस

बांधकाम खात्याच्या मोठ्या साहेबांनी वसंतराव गोडबोल्यांना फसवलं. त्यांचा अर्धा हिशेब दाबला, आणि आता ते गेल्यावर दोषही त्यांच्याच माथी मारला आहे. मी खडीचा ठेकेदार, गोड बोलणं मला जमत नाही.

अकोले स्टँडवर कंडक्टरनं सांगितलं, वाडीवर दरड आली, माणसं वाचली... गोडबोले साहेब गेले.

बहात्तरच्या दुष्काळी कामात डोंगराचा पायथा कापून रस्ता काढायचा होता. खाली वाडी. कुठला उतार धोक्याचा, याचा नकाशा करायला वसंतराव आले. उताराचा कोन मोजत, खड्डे खणून थर बघत. कातळावर पिवळी चिकण माती लागली की स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतत आणि ती मुठीत आवळून बघत. टँकरची वाट बघणाऱ्या बाया हसायच्या. म्हातारी हिराबाई म्हणाली, "मानसाला प्यायला न्हाई, अन् सायेब डोंगराला पाजतोय."

"कोरडा डोंगर उभा राहतोच, मावशी. भिजल्यावर काय करतो ते बघतोय."

त्यांनी दोन हिशेब मांडले. कोरडी माती टिकत होती. भिजलेली, पायथा कापल्यावर, टिकत नव्हती. वाडीवरचा उतार त्यांनी नकाशात लाल रंगवला. माझी माणसं, सुरुंगाचं सामान, सगळं आलेलं. मी दिवसभर भांडलो, निदान अर्धा उतार तरी सोडा म्हणालो. ते म्हणाले, "ठेकेदार, भाव तुमचा खाली येईल, मातीचा नाही येत." त्यांनी माझ्या हातात ओला गोळा दिला. तो बोटांतून निसटला तेव्हा मी काम सोडलं.

मोठ्या साहेबांनी मात्र फक्त कोरड्या मातीचा हिशेब वर पाठवला. जाब विचारायला गेलो तर हसून म्हणाले, पाऊसच नाही, दरड कसली? दुसऱ्या ठेकेदाराकडून पायथा कापून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात उताराला भेग पडल्याचं कळताच वसंतराव वाडीत धावले. शिव्या खात घरं रिकामी केली. हिराबाई बांधलेल्या शेळीसाठी अडून बसली. तिला पुढे काढून ते शेळी सोडायला मागे फिरले... शेळी खाली आली.

चौकशीत साहेब सांगतात, उतार सुरक्षित असल्याचा हिशेब गोडबोल्यांच्याच सहीचा आहे. सही त्यांचीच. मग त्यांच्याच सहीचा ओल्या मातीचा हिशेब कुठे गेला, साहेब? उत्तर ऑफिसात नको. त्या ढिगाऱ्यावर या, हिराबाईच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा.