चार हातांचा ठराव

माझ्या मामेसासऱ्यांना ब्रह्मदेव भेटला असता, तर त्यांनी आधी विचारलं असतं, "सृष्टीचा ठराव मांडला कुनी? अनुमोदन कुनाचं?" गावच्या सोसायटीत आयुष्यभर सचिव राहिलेल्या माणसाचं दुसरं काय होणार! निवृत्तीनंतर, नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास, त्यांनी कोल्हारला आपल्या ओट्यावर दर शनिवारी दुपारी मेंढीकोट सुरू केला. भिडू चार: मामा, त्यांचा जोडीदार शिंपी, एक म्हातारा कंपाउंडर आणि गावात मास्तरकी करणारा मी. डाव जिंकणाऱ्या जोडीने खेळाचा एक नियम बदलायचा, ही कल्पना मामांची. "चार हात वर झाल्याबिगर बदल न्हाई," ही अट शिंप्याची. ती मामांनी लाल शाईने वहीत पहिली लिहिली, कधीही न बदलण्याच्या बोलीवर. उद्या आपला नियम अडू नये म्हणून आम्ही समोरच्यांच्या नियमालाही निमूट हात वर करायचो.

पण नियमांना कुंपण राहिलं नाही. आधी मिशीवरून हात फिरवला की डाव बाद होऊ लागला. मग नियम ओट्याखाली उतरले. हरलेल्याने बाजारात उलटी टोपी घालून जायचं, कंपाउंडरने आठवडाभर वांगं खायचं नाही. माझी बदली झाली तर मी ती घ्यायची नाही, हा ठराव तर माझ्याच हाताने मंजूर झाला. पुढे खरंच श्रीगोंद्याची ऑर्डर आली, तेव्हा मामा वही काखेत मारून एस.टी.ने नगरला साहेबांना भेटायला गेले. बदली कशी रद्द झाली, मला अजून कळलेलं नाही. मामी म्हणायच्या, "माझ्या चुलीपत्तुर नियम आला, तर वही चुलीत घालीन." मामांनी त्याचाही नियम करून घेतला.

एका थंडीत शिंपी गेला, कसलीही पूर्वसूचना न देता. तेराव्यानंतरच्या शनिवारी मामांनी पत्त्यांऐवजी वही उघडली. सभेत आधी दुखवट्याचा ठराव घ्यायचा, ही सोसायटीची रीत. त्यांनी तो लिहिला, वाचला, आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो आणि हात वर केले. मामांनी हात मोजले. पुन्हा मोजले.

"तीनच हाईत. ठराव नामंजूर."

"अहो मामा, माणूस गेलाय! नियम बदला आता."

"बदलायला चार हात लागत्यात, जावईबापू."

कंपाउंडर चिडला. "मंग दुसरा भिडू घ्या की. लई गडी हाईत गावात."

"त्यो घ्यायला बी चारच लागत्यात."

मी त्यांना तोंडावर हट्टी म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटते. पत्ते पुन्हा वाटले गेले नाहीत. मामा मात्र दर शनिवारी ओट्यावर एकटे बसून वहीत काहीतरी लिहायचे.

दोन वर्षांनी तेही गेले. मामींनी वही माझ्या हातात दिली. प्रत्येक शनिवारी "सभा तहकूब" आणि हजेरीत चार नावं, शिंप्याचंसुद्धा. नामंजूर ठरावाखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: "सबब सभासद हजर धरावा."

मी कंपाउंडरला बोलावून मामांच्या दुखवट्याचा ठराव लिहिला. आम्ही हात वर केले.

"दोनच हाईत," तो म्हणाला.

"नामंजूर," मी म्हणालो, आणि हजेरीत मामांचं नाव लिहिलं.