निफाडची ऊबदार थंड खोली

निघताना आईने माझ्या पिशवीत बाबांची कानटोपी कोंबली. "निफाडला गारठा असतो म्हणे," ती म्हणाली. आम्ही रत्नागिरीची माणसं. पंखा बंद करावासा वाटला की हिवाळा आला असं समजतो. शिवाय आम्ही फटकळ. आंबा नासका निघाला तर पाहुण्याच्या तोंडावर सांगतो, आणि पाहुणा कंटाळवाणा असला तर तेही सांगतो. मुंबईच्या ज्या निर्यात कंपनीत मी नोकरी करत होते, तिने बहुधा याच गुणावर मला द्राक्षांच्या हंगामात तिकडे धाडलं. हॉलंडहून आलेली तपासनीस, मदुराईचा मेकॅनिक आणि निफाडकडची माणसं यांची मोट बांधायची, एवढंच काम होतं. त्यासाठी साहेबांनी मला आधी एका प्रशिक्षणालाही बसवलं. त्याचं सार असं, की स्पष्ट विचारा आणि स्पष्ट उत्तर द्या. मला हसूच आलं. हे शिकायला पैसे भरावे लागतात?

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कसारा घाट चढेपर्यंत मी खिडकी उघडी ठेवली होती. इगतपुरीला ती बंद केली, नाशकात स्वेटर घातला आणि निफाडला उतरताना कानटोपी. गावाबाहेर दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव आणि मध्ये द्राक्षं पेट्यांत भरायचं पत्र्याचं नवं कोरं पॅकहाऊस. दारात भाऊसाहेब उभे होते. उंचेपुरे, पांढरी टोपी, अंगावर जाड घोंगडी. गावातल्या बागायतदारांचा गट त्यांनीच जमवला होता. परदेशी जाणारा गावचा हा पहिलाच कंटेनर होता, आणि भाऊसाहेबांच्या एका शब्दावर सगळ्यांनी आपापला उत्तम माल त्यासाठी राखून ठेवला होता. माल तिकडे खराब पोचला असता तर परदेशी गिऱ्हाईक गेलं असतंच, पण गावात भाऊसाहेबांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"या ताई. आधी चहा," ते म्हणाले.

मी दोन कप प्यायले. तेवढ्यात जीपमधून तपासनीस आली. तिचं नाव आनेके. ताडमाड उंच, सरळ चालणारी, सरळ बोलणारी. मला ती बघताक्षणी आवडली.

"मॅडम, चहा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नको, आभारी आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "काही अडचण?"

मी भाषांतर केलं. भाऊसाहेब दचकले. "अडचण? छे छे! काय अडचण नाय. चहा घ्या ना मॅडम."

"अडचण नाही म्हणतात," मी तिला सांगितलं, "आणि चहा घ्या म्हणतात."

ती मान हलवून घड तपासायच्या टेबलाकडे गेली. दिवसभर हेच चाललं. ती बागेतून आली की विचारायची, अडचण? ते म्हणायचे, छे, चहा घ्या. संध्याकाळपर्यंत भाऊसाहेबांच्या आवाजात काकुळती आली होती. मला वाटलं, काय हा चहाचा हट्ट! एवढा आग्रह आमच्याकडे लग्नात व्याह्यांनाही होत नाही.

जेवायला शेंगोळे (कुळथाच्या पिठाची रश्शात शिजवलेली वेटोळी) होते. आम्ही कुळथाची पिठी भुरकतो, ही माणसं कुळीथ चावून खातात. माझी जीभ भाजली, नाक वाहिलं, पण मी ताट पुसून खाल्लं. आनेके मात्र तिच्या खोलीवर डब्यातला पाव खात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा असा, की माझी बोटं पेन धरीनात. मांडवांवर दव साचलेलं. ते सुकल्याशिवाय तोड सुरू होत नाही, म्हणून सगळे वाट बघत होते. घडांची छाटणी करणाऱ्या बायका मात्र कुठे दिसेनात. त्यांची मुकादम सखूबाई थंड खोलीच्या दारातून डोकावली आणि तिने मला हात केला.

"ताई, भाईर काय कुडकुडता? आत या. आत लय ऊब हाय!"

मी आत गेले. बायका मांडी घालून भाकरी खात होत्या. भिंतीला पेट्यांची रास, आत वारं नाही, छान वाटलं. मी हात चोळत बसले. भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि मग लक्षात आलं. ही थंड खोली होती. तोडलेली द्राक्षं बर्फागत गार करायची ती हीच. आम्ही तिच्यात ऊब घेत होतो!

मी धावत मेकॅनिककडे गेले. मुरुगन यंत्राजवळ पाना घेऊन शांत बसला होता.

"मशीन बंद है," तो म्हणाला. "कल से. पार्ट मांगता. नाशिक में दुकान कल बंद. भाऊसार को बोला."

"मॅडमला का नाही सांगितलं?"

त्याने जीभ चावली. "सार बडा आदमी. सार का बात सार बोलेगा. मैं कैसे बोलेगा?"

मग मी भाऊसाहेबांना गाठलं. मी तावातावाने विचारलं, ती एवढ्यांदा विचारते तर तुम्ही अडचण नाही का म्हणता?

"मग काय करू?" तेही चिडले. "पाहुणी दारात उभी. पाणी नाय, चहा नाय, आन तोंडावर म्हणू का, यंत्र बिघडलं? हाकलल्यागत दिसतंय ते. चहा घेतला, दोन शब्द झाले, का मग सांगता येतं. तवापासून घ्या घ्या म्हणतोय, ती घेईल तर ना!" मग जरा थांबून हळू म्हणाले, "आत पयला माल माझाच हाय ताई. मी काय लपवीन व्हय?"

माझा राग तिथल्या तिथे उतरला. राहिली आनेके. ती बागेच्या बांधावर भेटली. मी तिला यंत्राचं काही सांगितलं नाही. ते सांगायचा मान भाऊसाहेबांचा होता, एवढं मला एव्हाना कळलं होतं. फक्त विचारलं, तू चहा का घेत नाहीस?

ती गंभीर झाली. "ज्यांचा माल तपासायचा, त्यांच्याकडचं काही घ्यायचं नाही. कामाची रीत आहे. त्यांचा चहा प्यायले आणि माल वाईट निघाला, तर नाही कशी म्हणू?"

वाईट बातमी सांगता यावी म्हणून ते चहा पाजत होते, आणि वाईट बातमी सांगता यावी म्हणून ती तो पीत नव्हती. प्रशिक्षणात यावर काही सांगितलं नव्हतं.

"त्यांचा पिऊ नकोस," मी म्हटलं, "तुझा त्यांना पाज."

तिने आपल्या खोलीवरचा थर्मास आणला. कागदी पुडीतला चहा, दूध नाही, साखर नाही. भाऊसाहेबांनी आधी कपात पाहिलं, मग माझ्याकडे. घोट घेतला तेव्हा त्यांच्या मिशा थरथरल्या. पण माणूस खानदानी. कप रिकामा करून त्यांनी खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, थंड खोली कालपासून गार व्हत नाय."

मी भाषांतर केलं. आनेके उठलीच. तिने पेट्या उघडल्या, देठ चिमटीत धरून पाहिले, मणी दाबले. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हा माल जाणार नाही."

भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली. "नाय तर नाय," ते म्हणाले. "बाकीच्यांचा तर जाईल?" मला त्यांच्याकडे बघवेना.

मुरुगन नाशकाला जाऊन पार्ट घेऊन आला आणि खोली खऱ्या अर्थाने थंड झाली. बायकांना ऊब घ्यायला शेकोटी पेटवावी लागली. भाऊसाहेबांच्या पेट्या टेंपोत बसून बाजाराला गेल्या, आणि त्यांच्या जागी शेजाऱ्यांच्या बागांतला माल भरला गेला. दोन दिवस उशिरा कंटेनरचं दार बंद झालं. आनेकेने सही केली, पेन खिशात ठेवलं आणि स्वतःहून खाटेवर बसली.

"आता चहा," ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी तो जातीने उकळला. तिने बशीत ओतून, सांडत, भरपूर साखरेचा कप संपवला आणि सवयीने विचारलं, "काही अडचण?"

"हाय की!" भाऊसाहेब खुलले. "लय हायत. बसा निवांत." आणि त्यांनी रस्त्यापासून सुरुवात केली ती विजेपर्यंत आले, मग पेट्यांच्या पुठ्ठ्यापर्यंत. शेवटी म्हणाले, "आन मॅडम, राग मानू नका, पर तुमचा चहा लय वाईट." आनेके इतकी हसली की तिला ठसका लागला. हॉलंडला गेल्या गेल्या तिने पुढच्या हंगामाची मागणी नोंदवली, आणि पहिल्या पेट्या भाऊसाहेबांच्याच हव्यात असं कळवलं.

परतताना इगतपुरीला स्वेटर काढला, घाट उतरल्यावर कानटोपी. काही दिवसांनी घरी रत्नागिरीला गेले. वाटेत विचार करत होते, की आपलं बरं बाई, आपल्याकडे असली भानगड नाही, जे असेल ते तोंडावर. आई दारातच उभी होती. पिशवी तिनेच घेतली.

"दमलीस ना? हातपाय धू. चहा टाकलाय, तो घे आधी."

माझा पाय उंबऱ्यावरच थांबला. जन्मापासून ऐकलेलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

"आई," मी म्हटलं, "काय झालंय?"

आई चपापली. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "वानरांनी सगळा मोहोर ओरबाडला गो. पण तू चहा तरी घे."