मुकी कुस्ती

‘शीर्षक जोडण्यासाठी क्लिक करा,’ असं मला एका कॉम्प्युटरने सांगितलं आणि तिथंच आमचं बिनसलं.

मी कुस्तीच्या मैदानाचा निवेदक आहे. लाल मातीच्या कडेला माइक धरून उभा राहतो आणि आत कोण कोणाशी लढतंय, कुठल्या तालमीचा, कुठल्या वस्तादाचा, आत्ता कुठला डाव पडला, ते सांगतो. हातात कागद नसतो. आमच्याकडं आधी कुस्ती होते आणि मग तिला नाव पडतं. इथं अजून कोणी शड्डूसुद्धा ठोकला नव्हता आणि हे यंत्र शीर्षक मागत होतं. शीर्षकाखाली उपशीर्षक. मी त्याच्याकडं रागानं बघत बसलो, ते पांढरंफटक तोंड करून माझ्याकडं.

हे माझ्या मागं लावलं एका अध्यक्षानं. जोतिबाच्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या जत्रेच्या मैदानाला मी बरीच वर्षं जातो. यंदा कमिटीचा अध्यक्ष नवा, तरणा, मनगटावर चमकणारं घड्याळ. त्याचा फोन आला.

“मामा, औंदा एलईडी पडदा लावतोय. दर जोडीची एक स्लाइड पायजे. फोटो, नाव, गाव, तालीम. तुमीच करून आणा.”

“अरं, मी बोलतो की सगळं.”

“बोलणं कोण ऐकतंय आता मामा? लोकं बघत्यात.”

मी फोन ठेवला आणि पुढ्यातली भाकरी अशी मोडली की बायको म्हणाली, “तिनं काय केलंय तुमचं?”

बायको दूध संस्थेत सुपरवायझर आहे. गावोगावच्या बायकांना म्हशींच्या आजारांवर स्लाइड दाखवून शिकवते. रविवारी दुपारी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला, माझ्या शेजारी लसूण सोलत बसली आणि म्हणाली, “हं. डावीकडं बारक्या बारक्या स्लाइडी हायत, ते तुमचं पैलवान. रांगेत बसल्यात. ज्याला हात लावशीला तो मधी येतोय. मधला मोठा चौकोन म्हंजे आखाडा.”

“आणि वरची ही जत्रा?”

“ती बटणं.”

बटणं कसली, तो बहुरूप्यांचा मेळा होता. ‘इन्सर्ट’ दाबलं की सगळी एका वेषात. ‘डिझाइन’ दाबलं की तीच जागा, पण माणसं दुसरी. मघाशी पाहिलेलं बटण शोधायला जावं तर त्यानं तोंड फिरवलेलं. मी एक अक्षर लिहिण्याआधी त्यानं मला स्लाइडच्या रंगांचे नमुने दाखवले. ज्याच्या अंगावर अजून लंगोट नाही त्याला फेटा कुठल्या रंगाचा हवा, म्हणून विचारण्यातला प्रकार. मी टेबलावर मूठ आपटली. लसणाच्या पाकळ्या उडाल्या.

“त्यापरीस माझीच फाईल घ्या,” ती पाकळ्या गोळा करत म्हणाली. “आतलं पुसा आन् तुमचं पैलवान भरा.”

तिची फाईल हिरवी होती आणि प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात एक म्हैस उभी होती. मी मजकूर पुसला, पैलवान भरले. म्हैस काही हलेना. क्लिक केलं, डबल क्लिक केलं, डिलीटचं बटण अंगठ्यानं रेटलं. उंच, धिप्पाड, मिशीला पीळ दिलेल्या पैलवानाच्या खांद्यावरून ती शांतपणे रवंथ करत बघत होती.

“ही म्हैस मेल्याशिवाय जायची न्हाई काय?”

“ती स्लाइडवर न्हायच. ती मास्टरात हाय.”

“म्हंजे?”

“वस्तादाच्या घरात. ‘व्ह्यू’ दाबा, ‘स्लाइड मास्टर’ दाबा, तितनं काढा. सगळीकडनं एकदम जाईल. वस्तादानं सांगितल्याबिगर पट्ठा जागचा हलतोय व्हय?”

या एका वाक्यासाठी मी तिच्या पाया पडायला हवं होतं. पण मी रागात होतो.

मग मी माझं खरं काम केलं. प्रत्येक पैलवानाची अशी ओळख लिहिली की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. लिहायला जागा मिळाली ती खालच्या पट्टीत, ऐसपैस, ‘नोट्स’ म्हणून. लिहून झाल्यावर ऐटीत स्लाइड दाखवायचं एफ-फाइव्ह दाबलं. पडदा भरून पैलवान आला, खाली नाव आलं, बस्स. माझं एक अक्षर नाही.

“ते फकस्त तुमास्नी दिसाय असतंय,” बायको म्हणाली. “लोकांस्नी न्हाई.”

“मग लिहायचं कशाला?”

“इसरू नये म्हणून.”

मी काही विसरत नाही, हे त्या यंत्राला कोण सांगणार? उठताना तिनं एकच ताकीद दिली. “चालू असताना ते एस्केपचं बटण दाबू नका. दाबलासा तर घरातली सगळी भांडी चव्हाट्यावर येतील.”

मैदानाच्या दिवशी दुपारी आखाड्याकडेचं टेकाड माणसांनी भरलं होतं. पडदा एवढा मोठा की त्यावरच्या पैलवानापुढं मातीतला खरा पैलवान खेळण्यातला वाटावा. बायकोचा लॅपटॉप त्याला जोडला होता आणि पहिल्या काही कुस्त्या मी एका हातानं माइक आणि एका हातानं बटण सांभाळत काढल्या. दात खाऊन, पण काढल्या.

आता आमच्या मैदानांची एक रीत आहे. मोठ्या कुस्त्या आधी बांधलेल्या, म्हणजे जोड ठरवलेल्या असतात. पण ज्याची कुस्ती बांधलेली नाही, तो लंगोट लावून मातीत उतरतो आणि हात वर करून कडेनं चालत राहतो. म्हणजे मला जोड द्या. लोक बघतात, पंच बघतात, तोलामोलाचा गडी सापडला की दोघांचा हात हातात देतात आणि मी नाव पुकारतो. कित्येक पैलवान असेच पुढं आले.

त्या दिवशी असाच एकजण उतरला. इचलकरंजीला यंत्रमागावर काम करणारा, शिफ्ट सुटल्यावर तसाच निघून आलेला. त्यानं कडेला येऊन मला नाव, गाव सांगितलं आणि हात वर करून चालू लागला. पंचांनी त्याला जोड बघितली. तेवढ्यात अध्यक्ष माझ्या कानाशी आला.

“मामा, ह्येची स्लाइड हाय?”

“न्हाई. आत्ता आलाय तो.”

“मग कशी लावायची कुस्ती? पडद्यावर काय दाखवू?”

माझ्या डोक्यात सणक गेली. पोरगं घाम गाळत माती तुडवतंय आणि हा विचारतोय पडद्यावर काय दाखवू. “थांब,” म्हटलं. “करतो तुझी स्लाइड.” मी माइक खाली ठेवला आणि एस्केप दाबलं.

घरातली सगळी भांडी चव्हाट्यावर आली. त्या अवाढव्य पडद्यावर बटणांची जत्रा, डावीकडं रांगेत बसलेले पैलवान आणि खाली नोट्सच्या पट्टीत मी पुढच्या पैलवानाबद्दल लिहिलेलं, की ह्याचं पोट सुटलंय पण डोकं चालतंय. टेकाड हसून कोसळलं.

“ओ पावणं, नवी स्लाइड डाव्या अंगाला वर हाय,” एकजण ओरडला.

“इन्सर्ट दाबा, इन्सर्ट.”

“आरं त्यास्नी चष्मा द्या कुणीतरी.”

मी नवी स्लाइड आणली. शीर्षक जोडण्यासाठी क्लिक करा. केलं. नाव टाइप करायला घेतलं तर जोडाक्षर फुटून दोन तुकडे झाले. ते पुसलं. तेवढ्यात उजवीकडून एक पट्टी आपोआप उघडली आणि मला डिझाइनच्या कल्पना देऊ लागली. मी मागितल्या नव्हत्या. ती बंद करायला गेलो तर स्लाइडचा रंग जांभळा झाला. हलगी कडाडत होती, ती मला ऐकू येत होती. पण मी मान वर केली नाही. आता हे यंत्र तरी राहील नाहीतर मी तरी.

मग एकदम टेकाड उठलं. शिट्ट्या, टोप्या, फेटे. माझी वाट न बघता पंचांनी कुस्ती लावली होती. मी वर बघितलं तेव्हा जोडीचा गडी पाठीवर पडलेला होता आणि मागवाला त्याच्या छातीवर. पडद्यावर जांभळ्या रंगात त्याचं अर्धं नाव होतं आणि पुढं रेघ लुकलुकत होती.

थोड्या वेळानं तो माझ्याकडं आला. कानात, भुवयांत माती. सोबत एक दोस्त, हातात फोन.

“मामा, नावच घेतला न्हाईसा.”

त्यानं दोस्ताकडं बोट केलं.

“ह्यानं शूटिंग केलंय,” तो म्हणाला. “दुसऱ्या गावच्या कमिट्यांस्नी धाडायचं हुतं. बांधून कुस्ती मिळाली असती. पण ह्यात मी कोण त्येच कळत न्हाई.”

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. कुस्ती झाली होती झकास, पण तिच्यावर आवाज होता टेकाडाच्या हसण्याचा आणि ‘इन्सर्ट दाबा, इन्सर्ट’चा. त्याच्या जिंकण्यावर लोक मला बटणं सांगत होते.

इतका राग मला जन्मात आला नव्हता. मी माइक उचलला. पंचांना म्हटलं, पुढची जोड थांबवा. दोस्ताला म्हटलं, तुझा फोन माझ्या डोळ्यांपुढं धर आणि लाव सुरुवातीपासून. पैलवानाच्या फोनवर माझ्या आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू केलं, म्हणजे त्या शूटिंगला जोडता येईल. आणि झालेली कुस्ती मी पहिल्यांदा नीट बघत बघत सांगायला लागलो.

नाव घेतलं, पुरं. गाव घेतलं. मागाचा खडखडाट टाकून आलाय, घरी वाट बघणारी भाकरी टाकून आलाय. हाताला हात भिडला, खडाखडी सुरू. समोरचा वजनानं भारी, मान दाबतोय, रेटत कडेला नेतोय. हा मागं सरतोय, मंडळी, पण बघा कसा सरतोय, पाय मातीतून उचलत नाही. मनगट धरलं. हात काखेत घेतला. कंबर फिरली आणि पडला ढाक डाव. समोरचा पाठीवरून आडवा, चितपट.

आखाड्यात कोणीही नव्हतं आणि टेकाडावरची माणसं त्या रिकाम्या मातीकडं बघत होती.

अध्यक्ष पुन्हा कानाशी आला. “मामा, पडद्यावर अर्धंच नाव दिसतंय.”

“मग कान उघड की,” मी म्हणालो. माइक चालूच होता.

पैलवानानं आपला फोन घेतला, कानाला लावला आणि सुरुवातीचं थोडंसंच ऐकलं, त्याचं नाव येईपर्यंत. मग बंद केला.

“आलंय,” तो म्हणाला आणि शर्ट खांद्यावर टाकून स्टँडच्या वाटेला लागला. इचलकरंजीला सकाळी पुन्हा शिफ्ट होती.